इंग्लंडमध्ये फ्लायवर कार्प धरायचाय? मग रॉड लायसन्स कसं काढायचं ते बघा

फ्लाय म्हणजे पिसं-दोऱ्याने बांधलेलं किड्यासारखं नकली आमिष, आणि रॉड लायसन्स म्हणजे गळाच्या काठीने (रॉडने) मासे धरायचा सरकारी परवाना. फ्लाय रॉड म्हटलं की लोकांना थेट ट्राउट नाहीतर सामन आठवतो, त्यामुळे कार्पवर फ्लाय टाकायची असेल तर नक्की कुठलं लायसन्स घ्यायचं यावरून हमखास गोंधळ होतो. तर आधी हे घ्या की लायसन्स ठरतं ते माशावरून, गळाला फ्लाय लावलीय का मक्याचा दाणा यावरून नाही. कार्प तिकडे कोर्स फिशमध्ये (गोड्या पाण्यातले, सामन-ट्राउट सोडून बाकीचे मासे) मोडतो, म्हणून 'ट्राउट अँड कोर्स' हे लायसन्स काढायचं. सामन आणि सी ट्राउटचं महाग असतं, नुसत्या कार्पसाठी त्याची काही गरज नाही.

आता ट्राउट अँड कोर्समध्ये पण दोन प्रकार, एक दोन रॉडपर्यंतचं आणि एक तीन रॉडपर्यंतचं. तीनवालं म्हणजे काठावर तंबू टाकून, मासा लागला की वाजणारा अलार्म लावून रात्रभर बसणाऱ्यांसाठी, आपण फ्लायवाले एकच रॉड हातात धरून काठाकाठाने मासा शोधत फिरतो, त्यामुळे दोनवालं भरपूर झालं. त्याची मुदत १ दिवस, ८ दिवस किंवा १२ महिने. वर्षाचं लायसन्स २०१७ पासून ज्या दिवशी चालू कराल तिथून पुढे १२ महिने चालतं, त्याआधी कधीही काढा, ३१ मार्चला संपायचं.

वय १३ पूर्ण झालं की लायसन्स पाहिजेच. १३ ते १६ च्या मुलांना फुकट मिळतं, पण फुकट आहे म्हणून काढायचंच नाही असं करू नका, त्यांच्या नावाने रीतसर काढावंच लागतं. १३ च्या खाली काही नको. ६६ आणि त्यावरच्यांना वर्षाच्या लायसन्सवर सवलत आहे, अपंग व्यक्तींनाही आहे, त्यासाठी ब्लू बॅज (अपंगांसाठीचा पार्किंग परवाना) असेल तर त्याचा नंबर, किंवा अपंगत्वाचा ठराविक सरकारी भत्ता मिळत असेल तर नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा. थोड्या दिवसांसाठी फिरायला आलेल्या पाहुण्यांनाही लायसन्स लागतंच हां, त्यांच्यासाठी १ किंवा ८ दिवसांचं सोयीचं पडतं.

अर्ज सोपा आहे. गव्ह डॉट यूके या सरकारी साइटवर जायचं, नाव, जन्मतारीख, पत्ता, ईमेल किंवा मोबाईल नंबर भरायचा, कार्डने पैसे भरायचे, झालं. फोनवरूनही काढता येतं. सर्च केल्यावर सरकारी वाटणाऱ्या दुसऱ्या साइट्स पण येतात आणि त्या वरचे पैसे लावतात, तेव्हा पत्ता नीट वाचूनच पुढे जा. कन्फर्मेशनमध्ये लायसन्स नंबर येतो तो मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, काठावर एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा (लायसन्स तपासणारी सरकारी संस्था) माणूस आला तर तो दाखवावा लागतो. विनालायसन्स सापडलात तर दंड २५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

खरी गडबड पुढे होते. रॉड लायसन्स मिळालं म्हणजे कुठल्याही तळ्यावर जाऊन उभं राहता येतं असं अजिबात नाही! पाण्याच्या मालकाची किंवा क्लबची परवानगी वेगळी, कुठे डे तिकीट असतं, कुठे मेंबरशिपच घ्यावी लागते. आणि कार्पच्या तळ्यांवर त्यांचे स्वतःचे नियम असतात, काही ठिकाणी फ्लाय चालत नाही, काही ठिकाणी तरंगतं आमिष चालत नाही, आणि तुम्ही जर डॉग बिस्किटसारखी (कार्पला तरंगतं आमिष म्हणून टाकतात ते कुत्र्याचं बिस्किट) दिसणारी तरंगती फ्लाय बांधून न्यायच्या विचारात असाल तर ती यात बसते का नाही हे तिकीट काढायच्या आधी विचारा, काठावर पोचल्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. बार्ब (टोकाजवळचा उलटा काटा) नसलेला हुक, मासा ठेवायला ओली केलेली मऊ मॅट आणि मोठं लँडिंग नेट हे बहुतेक ठिकाणी मागतात, आणि मागितलं नाही तरी न्यायचंच, कारण एवढा मोठा मासा कोरड्या गवतावर आपटला तर त्याची कातडी सोलवटते. नेटला गाठी असलेली जाळी चालत नाही, तो सरकारी नियमच आहे.

नदीवर जाणार असाल तर १५ मार्च ते १५ जून बंदी असते, दोन्ही तारखा धरून, आणि फ्लाय लावलीय म्हणून कार्पसाठी त्यात सूट मिळत नाही. बहुतेक तळी आणि कॅनॉल या बंदीत येत नाहीत, पण काही संरक्षित जागांवर आणि काही मालकांच्या पाण्यावर वेगळं असू शकतं, म्हणून तिथलं बघून घ्या.

वेल्समध्येही हेच लायसन्स चालतं. स्कॉटलंडमध्ये मात्र कार्पसाठी असं सरकारी रॉड लायसन्स नाहीये, तिथे पाण्याच्या मालकाची परवानगी घ्यायची.