नान्नज आणि उजनी : गाडीत बसायच्या आधी एकदा वाचून घ्या

नमस्कार मंडळी,

बुकिंगच्या फोनवर पहिला प्रश्न हमखास एकच, "वाघ दिसतो का ओ?" नाही दिसत. 2024 च्या शेवटी यवतमाळकडच्या टिपेश्वरचा एक वाघ चालत चालत येडशी-बार्शीच्या बाजूला आला, तेव्हापासून तर हा प्रश्न डबल झालाय. वाघच बघायचा असेल तर ताडोबाला जा, आम्ही ती ट्रिप करत नाही. आमच्याकडं दोनच ट्रिपा आहेत, बार्शी रोडवरचं नान्नजचं माळरान आणि उजनीचं बॅकवॉटर. दोन्हीकडं काय बघायला मिळतं आणि काय नाही ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे परत येताना गाडीत तोंड पाडून बसायला नको.

नान्नज सोलापुरातून वीस-बावीस किलोमीटर. थंडीत सात वाजता उजाडतं म्हणून आम्ही पावणेसहाला निघतो आणि त्यावर अडून बसतो, कारण एकदा एका फॅमिलीचं आवरेना म्हणून साडेआठला पोचलो आणि ऊन चढल्यावर दोन होले आणि एक गाढव एवढंच दिसलं, त्यांनी पैसे दिले पण तोंडं बघवत नव्हती. चूक आमचीच, थांबायला नको होतं. तेव्हापासून पाच मिनिटांच्या वर थांबत नाही.

अभयारण्य माळढोकचं आहे, 1979 चं. सुरुवातीला 8,496 चौरस किलोमीटर जाहीर झालं होतं, म्हणजे गावं, शेतं, रस्ते सगळंच आत आलं आणि साध्या साध्या कामाला परवानग्यांची कटकट, मग पुढं ते कमी करून साधारण 1,222 वर आणलं. माळढोक म्हणजे मीटरभर उंच, नर दहा-पंधरा किलोचा, एवढं वजन घेऊन उडणारे पक्षी जगात मोजकेच. मादी उघड्या जमिनीवर घालते एकच अंडं, ते कुत्र्यानं खाल्लं किंवा गुरांच्या पायाखाली गेलं की ते वर्ष गेलं. शिवाय डोळे बाजूला असल्यानं समोरची विजेची तार त्याला वेळेत दिसत नाही, आणि जड अंग पटकन वळवता येत नाही. देशात आता दीडशेच्या आसपास उरलेत आणि बहुतेक जैसलमेरकडं. त्यामुळं माळढोक दाखवतो असं आम्ही कुणालाच सांगत नाही, आणि कुणी गॅरंटी देत असेल तर त्याला ॲडव्हान्स देऊ नका.

मग बघायचं काय? काळवीट, ती मात्र भरपूर. नर काळाकुट्ट, पिळाची शिंगं, आणि एकाच जागी रोज येऊन लेंड्या टाकून ढीग करतो, ती त्याची हद्द. दुसरा नर आत आला की दोघं आधी मान वर करून शेजारी शेजारी तोऱ्यात चालतात, भांडण नंतर. गवतात एकटंच पाडस बसलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, ते हरवलेलं नसतं, आईनंच दडवून ठेवलेलं असतं आणि ती लांबून बघत असते. मागं एका ताईंनी ते उचलून गाडीत घ्यायची तयारी केली होती, चांगल्या मनानंच, पण आमच्या ड्रायव्हरला ओरडावं लागलं. शेतकऱ्यांना विचाराल तर ते काळवीटांवर वैतागलेत, कोवळी ज्वारी एका रात्रीत खातात, आणि त्यांचंही खोटं नाही.

धाविक नावाचा पक्षी आमचा आवडता. मातीच्या रंगाचा, चार पावलं सुसाट पळतो, गपकन थांबतो, वाकून किडा उचलतो, परत पळतो. थांबला की दिसतच नाही. हिवाळ्यात लांबून आलेले भोवते, म्हणजे शिकारी पक्षी, गवतावरून तरंगत जातात, खोकड दिसतं, आणि नशीब असेल तर लांडगा. लांडगा दिसला की गाडी बंद करून गप बसायचं, मागं लागायचं नाही.

एक विनंती, रोपं आणू नका. मध्ये एक ग्रुप वाढदिवसाला पन्नास रोपं घेऊन आला होता. माळ म्हणजे पडीक नाही ओ, या प्राण्यांना लांबवर मोकळं दिसणारं गवतच लागतं, झाडी वाढली की ते निघून जातात. झाडं आपल्या सोसायटीत लावा की.

उजनीची ट्रिप पहाटे साडेतीनची, कारण भिगवण-कुंभारगाव इथनं दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतं. तिथं मच्छीमार होड्या चालवतात आणि पक्षी त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतात, त्यांना घाई लावू नका. रोहित पक्षी मान उलटी करून वाकडी चोच चिखलात घालतो, पाणी गाळतो आणि आतलं शेवाळ, बारीक किडे खातो, त्यातनंच त्याला गुलाबी रंग येतो, पिल्लं राखाडीच असतात. थवा उडाला की पंखाखालचा लाल-काळा रंग एकदम उघडतो, पण तो बघायला होडी त्यांच्यात घालायला सांगू नका, ते आपोआप उडेपर्यंत बसा. आम्हाला दरवर्षी विचारतात कधी येऊ, तर धरण भरलेलं असताना नको, पाणी उतरून चिखल उघडा पडला की त्यांचे पाय टेकतात, साधारण जानेवारी ते मार्च, सोलापुरातली सिद्धेश्वराची जानेवारीतली गड्डा जत्रा झाली की लगेच.

कपडे मातकट रंगाचे घाला, भडक शाल नको. थंडी वाजली तर गाडीत चादरी आहेत, सोलापुरीच, घरी न्यायच्या नाहीत. नान्नजच्या ट्रिपला नाष्ट्याला भाकरी, शेंगाचटणी, दही, आणि जानेवारीत ओळखीच्या शेतात हुरडा मिळाला तर मिळाला. वनखात्याची फी वेगळी, पावती तुमच्या हातात देतो. गाडीत सहा जण, सातवं पोरगं मांडीवर चालेल. रात्री पाऊस झाला तर काळ्या मातीत गाडी रुतते म्हणून ट्रिप रद्द, पैसे पुढच्या तारखेला धरतो. नंबर मागच्या बाजूला आहे, दुपारी दोन ते चार सोडून कधीही फोन करा.