हेमेटचे जर्दाळू आणि ‘प्रजा’ या शब्दाचा गुंता

अमेरिकेतल्या पहिल्या कोरियनांनी मायदेशाच्या स्वातंत्र्यासाठी पोटाला चिमटा काढून पैसा पाठवला, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. त्याआधी त्यांना एका प्रश्नाशी झगडावं लागलं: आपण आता कोणाची प्रजा?

१३ जानेवारी १९०३ रोजी शंभरएक कोरियन घेऊन पहिलं जहाज होनोलुलूला लागलं. पुढच्या अडीच वर्षांत सात हजारांवर माणसं हवाईच्या उसाच्या मळ्यांत आली. दहा तास उन्हात राबायचं आणि महिन्याला साधारण १६ डॉलर घ्यायचे. प्रत्येकाकडे क्रमांकाचा धातूचा बिल्ला असे आणि मुकादम त्या आकड्यानेच हाक मारी. यातले काही जण पुढे कॅलिफोर्नियाच्या फळबागांत गेले. तेवढ्यात, नोव्हेंबर १९०५ मध्ये जपानने कोरियाचा परराष्ट्र कारभार हातात घेतला आणि ऑगस्ट १९१० मध्ये देशच गिळला. ज्या सरकारची पारपत्रं घेऊन हे लोक निघाले होते, ते सरकार उरलं नाही. अमेरिकेचं नागरिकत्व त्यांना कायद्यानेच बंद होतं, ते थेट १९५२ पर्यंत.

जून १९१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हेमेट गावात जर्दाळूची तोडणी सुरू होती. एका बागाईतदाराने रिव्हरसाइडहून जेमतेम डझनभर कोरियन मजूर बोलावले. ते रात्री आगगाडीतून उतरले आणि जमावाने त्यांना स्थानकावरच घेरलं. जपानी समजून, सामानसुमानासकट पुढच्या गाडीत बसवून परत धाडलं. बातमी पसरताच जपानी वकिलात मदतीला धावली. हे आमचे प्रजाजन आहेत, नुकसानभरपाई आम्ही मिळवून देतो, असा पवित्रा तिने घेतला.

मजुरांची रोजी बुडाली होती, भरपाईची गरज होतीच. तरीही कोरियनांच्या राष्ट्रीय संघटनेने थेट वॉशिंग्टनला परराष्ट्रमंत्र्यांकडे तार केली. आम्ही विलीनीकरणाच्या आधी देश सोडला, आम्ही जपानची प्रजा नाही, आमच्या बाबतीत जपान्यांशी बोलू नका, असा तिचा आशय. मंत्र्यांनी चौकशी थांबवली आणि कोरियनांचा विचार जपान्यांपासून वेगळा करायचं ठरलं.

या निर्णयावर आजही दोन मतं पडतात. संघटनेच्या इतिहासात याला ‘मान्यता’ म्हटलं जातं. काटेकोर पाहिलं तर हा शब्द जास्तच मोठा आहे. अमेरिकेने विलीनीकरण कधीच नाकारलं नव्हतं, आणि देश जोडला गेला की परदेशी असलेली त्याची माणसंही नव्या सत्तेची प्रजा होतात, हाच त्या काळचा रूढ समज होता. शिवाय त्याच वर्षी मे महिन्यात कॅलिफोर्नियाने परकीयांच्या जमीनमालकीवर बंधनं आणणारा कायदा केला होता आणि जपान त्यावर संतापला होता. अशा वेळी आणखी एक तक्रार आपोआप मिटत असेल, तर मंत्र्यांना हवीच होती. हे सगळं मान्य करूनही मला ती तार १९१९ च्या उठावाच्या वेळच्या जाहीर सभांइतकीच मोलाची वाटते. तिच्यानंतर जपानी पारपत्राशिवाय आलेल्या कोरियन विद्यार्थ्यांना या संघटनेच्या हमीवर प्रवेश मिळू लागला. राज्य गेलेल्या लोकांना आपल्यासाठी बोलणारं कोणीतरी मिळालं.

त्याच वर्षी, १९१३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत भारतीय क्रांतिकारकांचं ‘गदर’ पत्र निघालं. त्या मंडळींत वर्ध्याचा एक तरुणही होता. पण भारतीयांना, आम्ही ब्रिटिश प्रजा नाही, असं कागदोपत्री म्हणायची सोयच नव्हती. कोरियनांकडे निदान विलीनीकरणाआधी देश सोडल्याच्या तारखेचा आधार होता.

मार्च १९१९ मध्ये कोरियात जपानविरुद्ध उठाव झाला आणि एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेतल्या कोरियनांची परिषद भरली. हवाईतल्या बायकांनी तांदळाच्या वड्या आणि किमची विकून पैसा उभा केला. कॅलिफोर्नियातल्या बायकांनी जपानी माल, अगदी स्वयंपाकातला सोया सॉससुद्धा, वर्ज्य केला. आपल्याकडच्या स्वदेशीच्या दिवसांत ज्यांच्या आजी-पणजीने विलायती साखर सोडली, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १९२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या विलोज इथे कोरियनांच्या भातशेतीच्या नफ्यावर, जपानशी लढायला, वैमानिक शाळा निघाली, पण त्याच वर्षीच्या पावसापुराने पीक बुडालं आणि शाळाही फार टिकली नाही.

जुना गुंता डिसेंबर १९४१ मध्ये पुन्हा उसळला. पर्ल हार्बरनंतर जपानची प्रजा म्हणजे शत्रुराष्ट्राची माणसं, आणि त्या यादीत कोरियनही! तीस वर्षं जपानविरुद्ध वर्गणी भरलेल्यांची बँकखाती गोठली. १९४० च्या परकीयांच्या नोंदणीत ज्यांनी स्वतःला ‘कोरियन’ लिहवून घेतलं होतं, त्यांना मुख्य भूमीवर १९४२ मध्ये सूट मिळाली. हवाईत मात्र लष्करी राजवट होती आणि तिथली बंधनं पुढेही बराच काळ राहिली. त्या दिवसांत कोरियन माणसं छातीवर बिल्ला लावून बाहेर पडत. त्यावर लिहिलेलं असे: मी कोरियन आहे.