काळ्या मातीचा चकवा

मातीपरीक्षणाचा कागद हातात दिला तेव्हा नानांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि 'सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के : कमी' या ओळीवर बोट ठेवलं. "इतकी काळीशार जमीन आन् कमी? मशीन बिघडेल असीन त्यायचं."

मशीन ठीक होतं. सेंद्रिय कर्ब म्हणजे पालापाचोळा, शेण कुजून मातीत राहिलेला कार्बन. रावेर-यावलच्या तापीकाठी राहणाऱ्या कोणालाही असा कागद पाहून हेच वाटेल, कारण काळी म्हणजे कसदार हे आपण आज्यापणज्यांपासून ऐकत आलोय. रशिया-युक्रेनच्या काळ्या मातीबद्दल ते खरंही आहे. तिथे हजारो वर्षं गवत कुजून कुजून माती काळी झाली आणि तिच्यात चार टक्क्यांच्या पुढे ह्यूमस, म्हणजे कुजून उरलेला काळा अंश, सापडतं (कर्ब असतो तो यातच). आपली माती बेसॉल्टच्या खडकाची. तिच्यातली चिकणमाती थोडंसं ह्यूमस असं काही घट्ट धरते, की अर्धा टक्का कर्ब असला तरी ढेकूळ कोळशासारखं दिसतं. रंगावरून कस ओळखायचा तर खानदेशात फसायला होतं.

म्हणून ही माती वाईट असं नाही. तिच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, अमोनियम हे धनभारित कण त्याला चिकटून राहतात. मुरमाड जमिनीत पावसाबरोबर जे वाहून गेलं असतं ते इथे टिकतं. शिवाय ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत पडते, पावसात भेग मिटते. वरचं खाली जात राहतं, नांगर न लावता.

अडचण साठ्याची कमी, देण्याघेण्याची जास्त. केळीची कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की लोह कमी पडलंय असं समजायचं. पण आपल्या मातीत लोह भरपूर आहे, शंभर किलोत काही किलो तरी निघेल. चुनखडीमुळे मातीचा सामू (पीएच) आठच्या आसपास असतो आणि सामू एका अंकाने वाढला की पाण्यात विरघळणारं लोह साधारण हजार पटीनं घटतं. म्हणजे घरात धान्याची कणगी भरलेली आणि पोरं उपाशी! जस्ताचं तसंच. स्फुरद (फॉस्फरस) तर कॅल्शियमशी जोडी जमवून बसतं. कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून निघणारी सेंद्रिय आम्लं लोह-जस्ताला पकडून मुळापर्यंत नेतात. मुळांना बिलगून राहणारी मायकोरायझा बुरशी केसापेक्षा बारीक धागे दूरवर पसरवून स्फुरद ओढून आणते. बुरशीला साखर मुळंच देतात, पण पालापाचोळा कुजवणारे जिवाणू जगतात ते मातीतल्या कर्बावर. म्हणून तो 0.38 चा आकडा टोचतो.

तो वाढवायला किती लागतं? एकराची वरची 15 सेंटीमीटर माती धरली तर तिचं वजन सुमारे 800 टन. कर्ब 0.1 टक्क्याने वाढवायचा म्हणजे 800 किलो कर्ब मातीत टिकला पाहिजे. पाच टन चांगलं कुजलेलं शेणखत टाकलं तर त्यात निम्मं पाणी. उरलेल्या अडीच टनांत कर्ब साधारण 750 किलो. म्हणजे कणभरही वाया गेला नाही तरी आकडा 0.1 ने हलत नाही. आणि वाया तर जाणारच, कारण जिवाणू तो खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की हे खाणं ढोबळमानाने दुप्पट होतं, ओल मात्र हवी. कोरडवाहू वावर उन्हाळ्यात सुकतं तेव्हा जिवाणूही झोपतात. केळीच्या बागेत मात्र 44-45 अंशांत ठिबक चालू असतं. ऊन आणि ओल, दोन्ही! शेणखत एकदा टाकून तीन वर्षं निवांत बसण्याची चैन आपल्याला नाही.

अन्नाचा हिशोबही तपासून पाहा. शेणखतात नत्र (नायट्रोजन) असतं अर्धा टक्का. युरियाच्या 45 किलोंच्या एका गोणीएवढ्या नत्रासाठी चार टन शेणखत लागतं आणि त्यातलंही पहिल्या हंगामात थोडंच मिळतं. 'युरिया बंद, शेणखत सुरू' असं एका वर्षात करणाऱ्यांचं पीक पिवळं पडतं ते यामुळे.

केळीला तर पोटॅशियमची भूक दांडगी. शंभर ग्रॅम गरात ते साधारण 350 मिलिग्रॅम असतं. वीस किलोंच्या घडात गर तेराएक किलो, म्हणजे 45 ग्रॅम पोटॅशियम. पाच बाय पाच फुटांवर एकरी 1,740 खोडं धरली तर 78 किलोंच्या आसपास पोटॅशियम ट्रकमध्ये बसून दिल्लीला जातं, साली वेगळ्याच. ते परत येणार नाही. पण खोडात आणि पानांत राहिलेलं पोटॅशियम इथेच असतं, आणि ते आपण काय करतो? घड कापला की खांब बांधावर नाहीतर रस्त्याच्या कडेला. पिलबाग, म्हणजे जुन्या खोडाच्या पिलावरच पुढचं पीक, धरणाऱ्यांनी कापणीनंतर खोड उंच ठेवलं तर त्यातलं अन्न पिलाकडे उतरतं. बाकीचे तुकडे करून ओळीतच पसरले की झालं. कुकुंबर मोझॅक हा विषाणूरोग किंवा मर लागलेली झाडं मात्र बागेबाहेरच गेली पाहिजेत.

पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचं, काय? ती जाळतात आणि राखेत पोटॅशियम उरलं म्हणून समाधान मानतात. कर्ब आणि नत्र तर धुरात गेलं. गुलाबी बोंडअळीच्या भीतीने जाळतात हेही खरं, पण कुजवायला लावलेल्या ढिगात 55-60 अंश तापमान चढलं की अळी तिथेही जगत नाही. सातपुड्यापलीकडे इंदूरला 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड हे ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ नेमकं याच काड्यांशी झगडले. त्या कुजेनात. त्यांनी त्या शेतातल्या रस्त्यावर अंथरल्या, बैलगाड्यांच्या चाकांखाली भरडून घेतल्या, मग गुरांखाली पसरून गोमूत्रात भिजवल्या आणि ढीग लावला. कंपोस्टची इंदूर पद्धत ती हीच. आज श्रेडर आहे, गाडीवाट नको. पण गोमूत्राची पायरी गाळून नुसता भुगा मातीत गाडला तर पुढचं पीक पिवळं पडतं. पऱ्हाटीत नत्राच्या साठ-सत्तर पट कर्ब असतो. एवढा कोरडा घास गिळायला जिवाणू मातीतलंच नत्र उचलतात आणि काही आठवडे पिकाला काही उरत नाही.

शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून करतात त्या जीवामृताबद्दल मला विचारतात. दोनशे लिटरमध्ये दहा किलो शेण, म्हणजे शेणातून एकराला नत्र जेमतेम 50 ग्रॅम. ते खत नव्हेच, जिवाणूंना बोलावणं आहे. जमिनीवर पाचट-पाला नसेल तर पंगतीचं आवतन दिलं आणि चूल पेटलीच नाही, अशी गत.

उडीद-मूग मात्र मी कधी सोडणार नाही. मुळावरची गाठ फोडून पाहा. आत लालसर गुलाबी दिसली तर हवेतलं नत्र बांधायचं काम चालू आहे. कळण्याच्या भाकरीत ज्वारी आणि उडीद एकत्र येतात. वावरातही एक घेणारं, एक देणारं. आपल्या आज्यांनी हे रसायनशास्त्र शिकून केलं नसेल, पण जमवलं होतं खरं.

नानांना आकडे पटेनात. मग गेल्या पावसाळ्यात जिवाणूंना खायला म्हणून त्यांच्या दोन जुन्या सुती बनियन घेतल्या. एक बांधावरच्या निंबाखाली पाल्याच्या मातीत पुरली, दुसरी वावराच्या मधोमध. दोन महिन्यांनी उकरल्या. निंबाखालची शिवणीचे धागे आणि लेबल एवढीच उरली होती. वावरातली सबंध निघाली. नानांनी ती झटकली, उजेडात धरून पाहिली.

"धुतली त घालता यीन," म्हणाले.