सहकारी वसाहतीतील सभासद: भाडेकरू की मालक?

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सामान्य सभासद कपाटात दोन कागद जपून ठेवतो: घराचा नोंदणीकृत करारनामा आणि संस्थेचा भाग दाखला, म्हणजेच शेअर सर्टिफिकेट. दाखल्यावर अध्यक्ष, सचिव व समितीच्या एका सदस्याची सही असते, तर मागच्या बाजूस पूर्वीच्या सभासदांची नावे हस्तांतराच्या तारखांसह एकाखाली एक लिहिलेली असतात.

मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेपासून ही परंपरा चालत आली आहे. तेथे जमीन व इमारत दोन्ही संस्थेचे होते आणि सभासद संस्थेला भाडे देत असे. राहणारा म्हणून तो भाडेकरू आणि भागधारक म्हणून मालकीतील वाटेकरी होता. १९६०च्या सहकार कायद्याखालील नियमांत हीच व्यवस्था ‘भाडेकरू सहभागीदारी’ या नावाने आली. जमीन संस्थेची आणि घर सभासदाचे, असा ‘भाडेकरू मालकी’ हा दुसरा प्रकारही त्यांत आहे. बहुतेक फ्लॅटधारकांच्या संस्था पहिल्या प्रकारातल्या आहेत. मात्र त्यांतल्या सभासदाने आयुष्यभराची पुंजी मोजून घर विकत घेतलेले असते, त्यामुळे ‘भाडेकरू’ हा शब्द त्याच्यावर अन्याय करणाराच आहे. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संस्थेतील फ्लॅटचा ताबा व वापर यांचा सभासदाचा हक्क ही जप्ती व विक्री होऊ शकणारी मालमत्ता ठरवली. निकाल कर्जवसुलीच्या वादातला होता, तरी सभासदाचा हक्क केवळ राहण्यापुरता नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

यापेक्षा जुने दुखणे जमिनीचे आहे. १९६३च्या फ्लॅट मालकी कायद्याने जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून देण्याची जबाबदारी बिल्डरवर टाकली आणि करारात मुदत ठरली नसल्यास संस्थेच्या नोंदणीपासून चार महिन्यांची मुदत नियमांनी घातली. ती असंख्य ठिकाणी पाळली गेली नाही. म्हणजे ज्या संस्थेचा सभासद कागदोपत्री भाडेकरू, ती संस्थाच जमिनीची मालक झालेली नव्हती. २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजेच बिल्डरच्या सहकार्याशिवायही मालकी संस्थेच्या नावे करून घेण्याची (डीम्ड कन्व्हेयन्सची) तरतूद अमलात आली. तेव्हापासून बिल्डर टाळाटाळ करत असल्यास संस्थेला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तो करण्यासाठी सर्वसाधारण सभेत ठराव, मग वीस-तीस वर्षांपूर्वीचे करारनामे घरोघरी जाऊन गोळा करणे, हे काम बहुधा दोन-तीन निवृत्त सभासदांच्याच गळ्यात पडते. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आणि मिळकत पत्रिकेवर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, अजून जुन्याच मालकाचे नाव दिसले, की बाकीच्यांना या अर्जाची आठवण होते.