टचस्क्रीनवरील वक्ररेषा

मोबाइल किंवा टॅबच्या पडद्यावर बोट फिरवल्यावर हाती येणाऱ्या सुट्या बिंदूंमधून अखंड, गुळगुळीत रेषा घडवण्याची पद्धत. चित्रे, सह्या, टिपणे आणि अक्षरे गिरवण्याची ॲप यांत ती वापरतात.

पडद्याला बोटाची वाट सलग कळत नाही. ठरावीक कालावधीने तो बोटाचा ठिकाणा नोंदवतो. सेकंदाला ६० नोंदी होत असतील आणि बोट सेकंदाला ३० सेंमी वेगाने फिरत असेल, तर लगतच्या दोन बिंदूंत ५ मिमी अंतर पडते. हे बिंदू सरळ रेघांनी जोडले की घाईत काढलेला ‘ळ’ कोनाकोनांचा दिसतो. अँड्रॉइडमध्ये अनेक नोंदी एकाच गठ्ठ्यात ॲपकडे येतात. त्यांतल्या मधल्या नोंदी वाचल्याच नाहीत, तर पुढचे कोणतेही गणित ती उणीव भरून काढत नाही. आयओएस ९ पासून (२०१५) ॲपलच्या उपकरणांवरही अशा गठ्ठ्यातल्या नोंदी मिळतात.

प्रचलित उपाय मध्यबिंदूंचा. लगतच्या बिंदूंच्या जोड्यांचे मध्यबिंदू काढायचे, वक्र एका मध्यबिंदूपासून पुढच्यापर्यंत न्यायचा आणि मधला नोंदलेला बिंदू नियंत्रक म्हणून, म्हणजे वक्राला आपल्याकडे ओढणारा बिंदू म्हणून, वापरायचा. हा द्विघाती बेझिए वक्र होय. बिंदू (०,०), (४०,०), (४०,४०) असतील, तर वक्र (२०,०) पासून (४०,२०) पर्यंत जातो. त्याचा मध्य (३५,५) वर, म्हणजे कोपऱ्यापासून सुमारे ७ एकक आत पडतो. ठिपक्यांच्या रांगोळीत रेघ ठिपक्यावरून जाते. इथे ती ठिपक्याकडे झुकते आणि आतल्या बाजूने निघून जाते.

या वक्राचे जनकत्व वादाचे आहे. नाव रूढ झाले ते रेनॉ कंपनीतील अभियंते पिएर बेझिए यांचे. १९६० च्या दशकात त्यांनी मोटारींच्या पत्र्याचे आकार ठरवण्यासाठी ही पद्धत विकसित करून प्रसिद्ध केली. सित्रोएन या दुसऱ्या मोटार कंपनीत पॉल द कास्तेल्जो १९५९ च्या सुमारास त्याच वक्रांपर्यंत पोचले होते, पण कंपनीने ते काम गुप्त ठेवले. दोघांचेही वक्र ज्या बहुपदींत मांडले जातात, त्या सर्गेई बर्नस्टाइन यांनी १९१२ मध्येच दिल्या होत्या. कालक्रम पाहता अग्रमान कास्तेल्जो यांना देणे सयुक्तिक वाटते. मध्यबिंदू पद्धतीपुरते बोलायचे, तर जॉर्ज चायकिन अधिक जवळचे ठरतात. बहुभुजाचे कोपरे पुनःपुन्हा छाटत जाण्याची त्यांची रीत १९७४ ची. ती अखेरीस द्विघाती बी-स्प्लाइनकडे, म्हणजे वक्रांचे तुकडे गुळगुळीत जोडून बनणाऱ्या रेषेकडे, जाते, हे रिचर्ड रीझनफेल्ड यांनी १९७५ मध्ये दाखवले. मध्यबिंदूंनी मिळतो तो हाच वक्र. ‘स्प्लाइन’ म्हणजे मुळात नौकांचे आराखडे काढणाऱ्यांची, वजने ठेवून वाकवलेली लवचीक लाकडी पट्टी. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून फ्रेंच कर्व्ह (वक्र काढण्याचा साचा) आणून ड्रॉइंगच्या शीटवर वक्र काढलेल्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

एडविन कॅटमल आणि राफेल रोम यांचा स्प्लाइनही १९७४ चाच. तो प्रत्येक बिंदूतून जातो, त्यामुळे बोटाचा कंपही जसाच्या तसा उमटतो.

देवनागरीसाठी कोणतीही एकच रीत पुरेशी नाही. ‘ळ’ला गोलाई हवी, तर ‘प’चा दंड शिरोरेषेला मिळतो तो कोपरा शाबूत राहायला हवा. म्हणून दिशा एकदम वळते तिथे वक्र तोडून नवा सुरू करणे योग्य. मोडीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. ओळभर रेघ आधी ओढून तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरे लिहीत, त्यामुळे वळणावरूनच अक्षर ओळखावे लागते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात (स्थापना १९१०) मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. त्यांतले वळण बोटाने गिरवताना आणखी एक फरक जाणवतो: बोरूची रेघ टोकाच्या कापानुसार आणि धरण्याच्या कोनानुसार जाड-बारीक होते, तर अनेक ॲप ती बोटाच्या वेगावरून ठरवतात. हात भरभर चालला की रेघ बारीक होते, मग मूळ अक्षरात ती तिथे जाड का असेना.