शासकीय योजनांच्या मूल्यमापनातील कृत्रिम बुद्धिमत्ता

शासनाने राबविलेल्या योजनेमुळे लोकांच्या जीवनात प्रत्यक्ष काय फरक पडला, हे ठरविण्यासाठी यंत्र-अध्ययन (उपलब्ध नोंदींवरून संगणकाने स्वतः नियम शिकणे), उपग्रह प्रतिमांचे संगणकीय वाचन आणि भाषिक प्रारूपे (मजकूर वाचून त्याचा अर्थ लावणाऱ्या संगणकीय प्रणाली) यांचा उपयोग करण्याची पद्धत. लाभार्थी निवडणे किंवा बोगस नावे हुडकणे ही कामेही हल्ली संगणकाकडे सोपविली जातात. परंतु ती अंमलबजावणीची कामे असून त्यांची गणना मूल्यमापनात करणे योग्य नाही. नेदरलँड्समधील ज्या प्रणालीचा वापर हेगच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये खासगीपणाच्या हक्काचा भंग करणारा ठरविला, ती अनुदानातील संभाव्य गैरव्यवहार शोधणारी होती. योजनेचे फलित तपासणे हे तिचे काम नव्हते.

भारतात स्वतंत्र मूल्यमापनाची परंपरा जुनी आहे. सामूहिक विकास कार्यक्रमाची तपासणी करण्यासाठी १९५२ मध्ये कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन झाली. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा या संघटनेने राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयासह केलेला संयुक्त अहवाल १९८० मधील आहे. पुढे २०१५ मध्ये नीती आयोगात विकास सहनियंत्रण व मूल्यमापन कार्यालय सुरू झाले आणि ही संघटना त्यात विलीन करण्यात आली. या सर्व काळात पद्धत मुख्यतः एकच राहिली : नमुना गावे निवडायची, प्रगणक घरोघरी पाठवायचे, प्रश्नावल्या भरून घ्यायच्या. खर्च मोठा, वेळ त्याहून मोठा, आणि अहवाल हाती येईपर्यंत योजनेचे नावही बदललेले असण्याची शक्यता. कृत्रिम बुद्धिमत्तेकडे प्रशासनाचे लक्ष वळले, ते प्रथम या दिरंगाईमुळे.

उपग्रह प्रतिमांवरून गावाची आर्थिक स्थिती अजमावता येते, हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये आफ्रिकेतील पाच देशांच्या उदाहरणाने दाखविले. त्याच दिशेने २०२२ मध्ये युगांडातील ग्रामीण विद्युतीकरणाचे मूल्यमापन झाले. ज्या गावांत वीज पोहोचली त्यांची मालमत्ता, वीज न पोहोचलेल्या गावांच्या तुलनेत, दुपटीहून अधिक वेगाने वाढल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला. येथे एक सापळा आहे. रात्रीच्या दिव्यांचा उजेड हेच समृद्धीचे माप धरले, तर विद्युतीकरण झालेले प्रत्येक गाव आपोआप श्रीमंत दिसते. योजनेनेच बदललेली गोष्ट योजनेचे माप म्हणून वापरता येत नाही. केनियातील एका रोख-साहाय्य कार्यक्रमाची परीक्षा संशोधकांनी घरांच्या छपरांवरून केली आणि तिचे निष्कर्ष घरोघरच्या पाहणीशी जुळले. हा कार्यक्रम शासकीय नव्हता, तरी पद्धत बोधप्रद आहे. तेथे गवताच्या जागी चकाकणारा पत्रा येणे ही भरभराटीची खूण होती. तोच पत्रा कोकणात कौले काढून घातलेला असू शकतो, आणि शहरालगतच्या वस्तीत तर स्लॅब परवडत नाही म्हणून घातलेला असतो. एका मुलखात शिकविलेले प्रारूप दुसरीकडे जसेच्या तसे चालत नाही, ते अशा कारणांनी. शिवाय अशी प्रारूपे अतिगरीब गावांना थोडे वर आणि सधन गावांना थोडे खाली दाखवितात. त्यामुळे योजनेचा खरा परिणामही आकड्यांत दबून जातो.

मोजमाप कितीही अचूक झाले, तरी योजना नसती तर काय झाले असते, हा मूल्यमापनाचा गाभ्याचा प्रश्न शिल्लक राहतो. महाराष्ट्रातील जलयुक्त शिवार अभियानावर ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च होऊनही भूजल पातळी वाढविण्यात त्याचा फारसा परिणाम झाला नाही, असे महालेखापरीक्षकांच्या २०२० मधील अहवालात म्हटले आहे. सिमेंट नाला बांधात साचलेले पाणी आणि रब्बीतील हिरवे क्षेत्र उपग्रहाला दिसते. काळ्या पाषाणाखालचे पाणी त्या चित्रात दिसत नाही, आणि हिरवाई बांधामुळे वाढली की त्या वर्षी पाऊस चांगला झाला म्हणून, हे तर मुळीच कळत नाही. त्यासाठी सारख्याच पावसाची व सारख्याच जमिनीची, पण काम न झालेली गावे तुलनेला घ्यावी लागतात. अशा गावांची जोडी लावण्यात संगणक चांगली मदत करतो. तुलना रास्त आहे की नाही, हे भूगोल जाणणाऱ्या माणसालाच ठरवावे लागते.

योजनेचा लाभ कोणाला अधिक झाला, हे शोधण्यात यंत्र-अध्ययनाची बाजू सर्वांत भक्कम आहे. शिकागो शहरातील तरुणांच्या उन्हाळी रोजगार कार्यक्रमात सोडतीने प्रवेश दिला जात असल्यामुळे तुलना गट आयताच उपलब्ध होता. सरासरी पाहता त्यातून पुढील नोकरी मिळण्यात वाढ झालेली दिसली नाही, परंतु ‘कार्यकारण-अरण्य’ म्हणता येईल अशा, परिणाम कोणावर वेगळा झाला हे शोधणाऱ्या गणिती पद्धतीने एक उपगट वेगळा काढता आला, ज्याला नोकरीच्या दृष्टीने फायदा झाला होता. सरासरीच्या आकड्याने ही बाब झाकून टाकली होती.

तक्रारअर्ज आणि ग्रामसभांची इतिवृत्ते वाचून त्यांची वर्गवारी करणे हे भाषिक प्रारूपांचे काम. ‘विहीर मंजूर झाली, खोदली, पण बिल निघाले नाही’ असे वाक्य ‘लाभ मिळाला’ या रकान्यात पडले, तर कर्ज काढून विहीर खोदलेला शेतकरी अहवालात समाधानी ठरतो. अहिराणी किंवा मालवणी वळणाच्या मजकुरात अशा चुकांना अधिक वाव असतो, म्हणून वर्गवारीचा काही भाग माणसांकडून पुन्हा तपासून घेणे आवश्यक ठरते.

मूळ नोंदच खोटी असेल तर पुढील सारे विश्लेषण व्यर्थ होते. ग्रामीण रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी मोबाईल ॲपवरील छायाचित्रांनी दिवसातून दोनदा घेणे १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळविले, की कामाशी संबंध नसलेली चित्रे चढविली जातात, छायाचित्राचेच छायाचित्र काढले जाते, हजेरीपटावरील आणि चित्रातील माणसांची संख्या जुळत नाही, आणि दुपारचे छायाचित्र काही ठिकाणी घेतलेच जात नाही. त्यावर मंत्रालयाने सांगितलेला उपाय होता : ग्रामपंचायत पातळीवर प्रत्येक छायाचित्र माणसाने डोळ्यांनी पाहून तपासावे.