रॅम की व्हीरॅम? दोन्ही जीबीतच मोजतात म्हणून फसू नका

कमी बजेटमध्ये गेमिंग पीसी जुळवायला बसलं की एक प्रश्न हमखास येतो, "गेम ८ जीबी व्हीरॅम मागतोय, माझ्याकडे १६ जीबी रॅम आहे, मग चालेल ना?" आणि त्याचाच सख्खा भाऊ म्हणजे, "ग्राफिक्स कार्ड ४ जीबीचं आहे, रॅम ३२ करून टाकली तर भागेल का?" विचारणाऱ्याची यात काहीच चूक नाहीये, कारण दोन्हीच्या नावात रॅम आहे, दोन्ही जीबीत मोजतात, दोन्ही आकडे बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलेले असतात आणि वरून विंडोजसुद्धा त्यात भर घालतं, ते पुढे सांगतोच. पण पैसे मोजके असतील तर हा गोंधळ महागात पडतो, कारण यातली एक गोष्ट सहा महिन्यांनी परत पैसे जमले की वाढवता येते आणि दुसरी अजिबात वाढवता येत नाही, तिथे अख्खं कार्डच बदलावं लागतं.

आधी कोण कुठे बसतं ते बघू. रॅम म्हणजे मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये खटकन बसणाऱ्या त्या लांबट स्टिक, त्या प्रोसेसरच्या कामाच्या. गेमचा कोड, शत्रू कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, आवाज, डिस्कवरून वाचून आणलेला पुढच्या एरियाचा डेटा हे सगळं तिथे, आणि शिवाय विंडोज, ब्राउझरचे वीस टॅब, व्हॉइस चॅट हे पण त्याच जागेत दाटीवाटीने बसलेलं असतं. व्हीरॅम मात्र ग्राफिक्स कार्डच्या आत, चिपच्या आजूबाजूला बोर्डवर सोल्डर केलेली असते आणि तिच्यावर फक्त ग्राफिक्सचा हक्क. टेक्स्चर (म्हणजे भिंती, कपडे यांच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रं), थ्रीडी मॉडेल, सावल्यांचे मॅप, रे ट्रेसिंग (उजेडाच्या किरणांचा हिशोब) चालू असेल तर त्याचा वेगळा पसारा, आणि स्क्रीनवर जायच्या आधी तयार होणारी फ्रेम, म्हणजे एक अख्खं चित्र.

आता बऱ्याच जणांना वाटतं की व्हीरॅम खातं ते रिझोल्यूशन. थोडं खरं आहे पण गणित करून बघा, १०८० पीची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकाला ४ बाइट, झाले साधारण ८ एमबी. फोर के केलं तरी ३३ एमबी. गेम अशा बऱ्याच फ्रेम वेगवेगळ्या कामांसाठी एकाच वेळी धरून ठेवतो म्हणून आकडा वाढतो, पण खरा खादाड आहे टेक्स्चर. ४०९६ बाय ४०९६ चं एकच टेक्स्चर कॉम्प्रेस न करता ६४ एमबी होतं, कॉम्प्रेस करून १६ च्या आसपास, आणि लांबून बघण्यासाठीच्या त्याच्या छोट्या कॉपी धरल्या की २१. आणि एका कॅरेक्टरच्या एका जॅकेटला असं एक टेक्स्चर नसतं, रंगाचं वेगळं, खडबडीतपणाचं वेगळं, उजेड कसा पडेल त्याचं वेगळं. म्हणून सेटिंगमध्ये टेक्स्चर हाय वरून अल्ट्रा केलं की व्हीरॅम लगेच फुगते. पण मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट ही की टेक्स्चर व्हीरॅममध्ये मावत असेल तर अल्ट्रा ठेवूनही एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) जवळजवळ पडत नाहीत. सावल्या, रिफ्लेक्शन यांना चिपचा घाम निघतो, टेक्स्चरला मुख्यतः जागा लागते. त्यामुळे बजेट कार्डवर सुद्धा जागा असेल तर गेम खूप सुंदर दिसू शकतो.

मग जागा कमी पडली की रॅमची का नाही घेत? घेतो ना, तिथेच तर घोळ आहे. स्पीड बघा. डीडीआर ४ या पिढीची ३२०० स्पीडवाली रॅम दोन स्टिकमध्ये लावली तर सेकंदाला ५१.२ जीबी डेटा देते, डीडीआर ५ ची ६००० वाली ९६. आणि आरटीएक्स ४०६० या ग्राफिक्स कार्डची व्हीरॅम २७२, आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी मॉडेलची ३६०. म्हणजे रॅम मुळातच कितीतरी हळू, पण खरी अडचण त्याच्याही पुढची आहे, रॅममधलं टेक्स्चर कार्डपर्यंत यायला पीसीआय एक्सप्रेसचा, म्हणजे कार्ड बसतं त्या स्लॉटचा, रस्ता आहे आणि तो आणखी अरुंद. त्याच्या ४.० आवृत्तीच्या पूर्ण १६ लेन (डेटाच्या वाटा) असतील तर एका दिशेला सेकंदाला साधारण ३२ जीबी, ८ लेन असतील तर १६, आणि मदरबोर्ड जुना ३.० चा असेल तर त्याच ८ लेनमध्ये फक्त ८. ६० एफपीएसवर गेमला एका फ्रेमसाठी साधारण १६ मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात हवं ते टेक्स्चर आलं नाही की फ्रेम अडकते आणि तुम्हाला तो झटका जाणवतो.

इथे एक उदाहरण मुद्दाम सांगतो कारण ते नेमकं बजेटवाल्यांना लागतं. आरएक्स ६५०० एक्सटी, २०२२ च्या जानेवारीत आलेलं कार्ड, व्हीरॅम ४ जीबी आणि लेन फक्त ४. नवीन ४.० बोर्डवर तो रस्ता ८ जीबीचा, जुन्या ३.० बोर्डवर ४ जीबीचा. आता असं कार्ड घेणार कोण, तर ज्याच्याकडे जुना बोर्ड आहे आणि पैसे कमी आहेत तो, आणि सगळ्यात जास्त मार त्यालाच. व्हीरॅम लवकर भरते, आणि भरल्यावर रस्ता पण बारीक. मला हे खरंच वाईट वाटतं, कारण जपून खर्च करणाऱ्या माणसालाच हे आधी कोणी सांगत नाही.

आता विंडोजची गंमत. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्सच्या चिपवर) गेलात की तीन आकडे दिसतात, 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी', 'शेअर्ड जीपीयू मेमरी' आणि दोन्हीची बेरीज नुसत्या 'जीपीयू मेमरी' नावाने. शेअर्ड म्हणजे तुमच्या रॅममधली जास्तीत जास्त किती जागा विंडोज कार्डला उसनी द्यायला तयार आहे ते, आणि ती साधारण रॅमच्या निम्मी असते. म्हणजे १६ जीबी रॅम आणि ८ जीबीचं कार्ड असेल तर बेरीज १६ च्या आसपास दिसते आणि माणूस खूश होतो की माझं कार्ड १६ चं आहे! नाहीये. गेमचं बघताना फक्त डेडिकेटेडचा आकडा धरा, शेअर्डवर गेम अवलंबून राहायला लागला की वर सांगितलेला अरुंद रस्ता सुरू झाला समजा.

माझ्या मामेभावाचं असंच झालं होतं. कार्ड ४ जीबीचं, रॅम ८ जीबी, गेम अडकायचा म्हणून त्याने आणखी ८ जीबी रॅम टाकली. फायदा झालाच नाही असं नाही, गेममधून बाहेर डेस्कटॉपवर यायला जो अर्धा मिनिट लागायचा तो गेला, ब्राउझर मागे उघडा ठेवता यायला लागला. पण भिंतींवरचे टेक्स्चर चिखल फासल्यासारखे दिसायचे ते तसेच राहिले आणि नवीन एरियात शिरताना बसणारा झटका पण तसाच. त्याला दोन वेगवेगळे आजार होते आणि औषध एकाचंच दिलं गेलं.

म्हणून खरेदीच्या आधी काय भरतंय ते ओळखा. व्हीरॅम भरली असेल तर सुरुवातीला गेम छान चालतो, पंधरा-वीस मिनिटांनी किंवा नवीन भागात गेल्यावर झटके सुरू होतात, टेक्स्चर धूसर राहतात किंवा उशिरा येतात, आणि टेक्स्चर एक पायरी खाली आणून गेम रीस्टार्ट केला की लगेच सुधारतं. रॅम भरली असेल तर डिस्क सारखी घरघरत असते कारण विंडोज रॅममधला माल डिस्कवर टाकत-काढत असतं, बाहेर यायला वेळ लागतो, कधी गेम काही न सांगता बंद पडतो, आणि ब्राउझर बंद केला की फरक पडतो. दोन्हीत जागा आहे आणि जीपीयू ९८-९९ टक्क्यांवर आहे, तर कार्डची ताकद तेवढीच आहे, कुठलीच मेमरी टाकून उपयोग नाही. जीपीयू ५०-६० टक्क्यांवर लोळतोय, मेमरी रिकामी आहे, एफपीएसची मर्यादा पण लावलेली नाही आणि तरी एफपीएस कमी, तर बहुतेक प्रोसेसर मागे पडतोय. एक सावधगिरी, बरेच गेम जागा मोकळी दिसली की आधीच अडवून ठेवतात, त्यामुळे ८ पैकी ७.५ जीबी वापरात दिसली म्हणजे कमी पडतेय असं नाही, झटके बसतायत का ते बघा.

आता फक्त जीबी बघून कार्ड घेणाऱ्यांसाठी. जीटी १०३० हे एकाच नावाने दोन प्रकारात आलं, एकात जीडीडीआर ५ आणि दुसऱ्यात साधी डीडीआर ४. दोन्ही २ जीबीच, पण एकाचा स्पीड ४८ जीबी प्रति सेकंद आणि दुसऱ्याचा १६.८! नाव तेच, जीबी तेवढेच, आणि कार्ड वेगळंच. जीटीएक्स १०६० चं ३ जीबी आणि ६ जीबी असं होतं, लोकांना वाटायचं फक्त मेमरीचा फरक, पण ३ वाल्यात कोर (चिपमधले हिशोब करणारे भाग) पण कमी, १२८० च्या जागी ११५२. आरटीएक्स ३०५० चं तसंच, ८ जीबीत २५६० कोर, २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीत २३०४ आणि मेमरीचा बस (चिप आणि व्हीरॅममधला रस्ता) १२८ बिटवरून ९६ वर. (६ वाल्याची एक चांगली बाजू, ते ७० वॅटचं असल्याने वेगळी पॉवरची वायर लागत नाही, जुन्या ऑफिसच्या पीसीत टाकायला बरं पडतं.) याच्या उलट आरटीएक्स ४०६० टीआय ८ आणि १६, तिथे चिप तीच, स्पीड तोच २८८, खरोखर फक्त मेमरी दुप्पट, त्यामुळे ८ मध्ये मावणाऱ्या गेममध्ये दोघं जवळपास सारखेच धावतात. आणि जुन्या कमजोर चिपवर ४ जीबी डीडीआर ३ चिकटवलेली जीटी ७३० सारखी कार्डं असतात, ती आकड्यामुळे भारी वाटतात पण ती चिप एवढी मेमरी भरण्याआधीच दमून जाते.

एक अपवाद मात्र आहे आणि तो बजेटवाल्यांच्या खूप कामाचा. वेगळं कार्डच नसेल, रायझन ५ ५६०० जी सारखा प्रोसेसर असेल ज्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे, तर तिथे रॅम हीच व्हीरॅम. मग रॅमचा स्पीड थेट एफपीएस ठरवतो. अशा पीसीत १६ जीबीची ३२०० वाली एकच स्टिक लावली तर स्पीड सेकंदाला २५.६ जीबी, ८ च्या दोन लावल्या तर ५१.२, जीबी तेवढेच आणि गेममध्ये फरक डोळ्यांना दिसेल इतका. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरायचा असतो, शेजारी शेजारी लावल्या तर दोन चॅनलचा (दोन वाटांनी एकदम डेटा येण्याचा) फायदा जातो. आणि बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो हे रॅमला छापील स्पीडवर चालवणारं सेटिंग चालू करा, नाहीतर ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते. बायोसमधून ग्राफिक्ससाठी २ जीबी बाजूला काढले तर विंडोजला १६ पैकी १४ उरतात हे पण धरून चाला, म्हणून अशा पीसीत ८ जीबी रॅम मला अजिबात पटत नाही.

वेगळं कार्ड घेणार असाल तर मी पैसे असे लावीन. रॅम १६ जीबी, ८ च्या दोन स्टिक, लायटिंग नको, मोठे हीटसिंक नकोत, तिथून वाचलेला पैसा न पैसा कार्डात. ८ जीबी रॅमवर थांबू नका, विंडोजच त्यातले ३-४ खाऊन बसतं. ३२ ची हौस नंतर करता येते, डीडीआर ४ च्या चार स्लॉटच्या बोर्डवर आणखी दोन स्टिक टाकल्या की झालं, फक्त शक्यतो त्याच स्पीडच्या घ्या. डीडीआर ५ वर मात्र चार स्टिक लावल्या की स्पीड खाली आणावा लागतो, म्हणून तिथे जमत असेल तर सुरुवातीलाच १६ च्या दोन. आणि डीडीआर ४ च्या स्लॉटात डीडीआर ५ बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. कार्डात, नवीन मोठे गेम १०८० पीवर खेळायचे असतील तर ८ जीबीच्या खाली जाऊ नका, आणि चिप एकाच तोडीची असेल तर जास्त व्हीरॅमवाल्याला माझं मत. फक्त ऑनलाइन शूटर खेळणार असाल तर ६ मध्ये पण निभतं, त्या गेमची टेक्स्चर हलकी असतात.

सेकंडहँड कार्ड घेत असाल तर पैसे देण्याआधी समोर पीसीत लावून जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर उघडायला सांगा. त्यात मेमरीचा प्रकार, किती जीबी, बस किती बिट आणि बँडविड्थ किती हे चारही एका स्क्रीनवर दिसतं, ते त्या मॉडेलच्या अधिकृत आकड्यांशी ताडून बघा. जुन्या कार्डाचा स्वतःचा बायोस (त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून त्याला मोठ्या कार्डाचं नाव देऊन विकणारे असतात, अशी बरीच एनव्हिडियाची कार्डं हे सॉफ्टवेअर पकडतं आणि नावाच्या पुढेच 'फेक' असं लिहून दाखवतं.